बिनदुधाची कोजागिरी

आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत खोबरेल तेलाची एक बाटली असते. आश्विन लागला की मी रोज सकाळी ती हातात घेऊन हलवून बघते. तेल गोठलेलं नसतंच. सानपाड्यात ते गोठतं जानेवारीतल्या दोन-चार सकाळी, बाकी वर्षभर पातळ. ऑक्टोबरात तर ते पाण्यासारखं डुचमळतं, आणि मी मनाशी म्हणते, म्हणजे यंदाही फजिती आहेच. तेलाच्या बाटलीवरून केकचं भविष्य बघणारी बाई आमच्या सोसायटीत मी एकटीच असेन.

हे दिवस तसे कुणाच्याच लाडाचे नाहीत. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो, आणि मधल्या मधे ऊन आपला हात साफ करून घेतं. गच्चीवर टाकलेल्या गाद्या तासाभरात खरपूस तापतात. संध्याकाळी रस्त्याकडेच्या सप्तपर्ण्या फुलतात आणि त्यांचा जड, गोडसर वास थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. माझ्या नवऱ्याचं, अजितचं, त्याने डोकं दुखतं. ओहोटी असली तर खाडीचा वासही त्यात येऊन मिसळतो. हे दोन वास एकत्र आले की कुणाला काय आठवत असेल ते असो, मला जायफळ आठवतं, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे असलेले तात्या आठवतात.

तात्या म्हणजे माझे सासरे. मूळचे साताऱ्याकडचे, जावळीच्या डोंगरातले. उभी हयात त्यांनी घाऊक बाजारात पोती वाहिली. आधी मुंबईत, मग बाजार इकडे वाशीला आला तेव्हा त्याच्यामागून तेही इकडे आले. खांदे अजून असे की दारातून आत येताना जरा तिरके होतात. अशा माणसाला आयुष्यात एकाच गोष्टीची चटक होती, ती दुधाची. दारू नाही, विडी नाही, तंबाखूसुद्धा नाही. संध्याकाळी कामावरून आले की सासूबाई पितळी तांब्यात दूध द्यायच्या, वर बोटभर साय. ते उकिडवे बसून ते दूध संपवायचे, आणि तोपर्यंत घरात कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही असा अलिखित नियम होता. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे बघून हसू यायचं. मग माझीही सवय झाली. तांब्या खाली ठेवल्याचा टण्ण आवाज आला की समजायचं, आता बोललं तरी चालेल.

सासूबाई वारल्या त्या वर्षी फाल्गुनात गावाकडची मंडळी बस करून काशीला निघाली. सोबत शालनमावशी होत्या, सासूबाईंच्या धाकट्या बहीण, आता उलव्याला राहतात. तात्यांना त्यांनीच बळेबळे नेलं. काशीला गेलं की आपली एखादी आवडती खाण्याची वस्तू तिथे सोडून यायची असते. सोडली म्हणजे सोडली, पुन्हा आयुष्यात तोंडात घालायची नाही. आता माणूस हा माणूसच. सगळे जण वर्षानुवर्षं काय करतात, तर जी वस्तू नाहीतरी घशाखाली उतरत नाही तिलाच आवडती म्हणून गंगेला अर्पण करतात. काशीच्या घाटावर आजवर किती कारली जमा झाली असतील, देव जाणे. शालनमावशींनी दोडका सोडला. त्यांच्या घरी दोडका कधी शिजल्याचं मला तरी आठवत नाही. बसमधल्या आणखी एकांनी सफरचंद सोडलं, कारण डॉक्टरांनी त्यांना गोड खायला बंदीच केली होती.

तात्यांनी दूध सोडलं.

नुसतं दूध नाही, दूध-दुभतं. म्हणजे दही, ताक, लोणी, तूप, पेढा, बासुंदी, श्रीखंड, सगळं. परत आले तेव्हा मी सवयीने चहा पुढे केला, तर कप बाजूला सारून म्हणाले, "कोरा दे सूनबाई. दूध तिकडं ठेवून आलोय." अजित तर चिडलाच. "लोक दोडका सोडतात, तात्या," तो म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं एवढं खरं वागायला?" तात्यांनी कोरा चहा बशीत ओतला आणि फुर्र करून प्यायले. पितळी तांब्या मी घासून फळीवर उपडा ठेवला. तो रोज दिसायचा आणि रोज मला वाईट वाटायचं.

नियम कडक असला तरी तोवर घर बिघडलं नव्हतं. बिघडलं ते वैशाखात, मावशींच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला. आपल्याकडे पाहुण्याला वाढताना आग्रह केला नाही तर वाढणारीच्या जिवाला चैन पडत नाही. पंगतीत तात्या आपला वरणभात खात होते, बिनतुपाचा. मावशी लाडवाचं ताट घेऊन आल्या. "घ्या दाजी, दूध-तूप काय नाय यात, तुमच्यासाठी येगळे केलेत," असं म्हणाल्या आणि दोन लाडू पानात घातले. तात्यांनी खाल्ले, तिसराही मागून घेतला. हात धुताना मावशींच्या तोंडून निघून गेलं, "बघा, जरासं तूप आन् मावा होता तर कळलं तरी का तुमाला? उगाच जिवाला त्रास."

त्या वाईट बाई नाहीत हो. त्यांना खरंच वाटलं होतं की आपण बहिणीच्या नवऱ्याची अडचण सोडवतोय. दोडका सोडणाऱ्या माणसाला दूध सोडणाऱ्याचं कसं कळावं? पण तात्यांचा चेहरा मी पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कडकडीत उपास केला, आणि त्यानंतर गोड म्हणून जे काही असतं ते खाणंच बंद केलं. बाहेरचं तर नाहीच, घरचंही नाही. गुळाची पोळी नाही, साखर घातलेला शिरा नाही. मी तेलावर केलेला शिरासुद्धा त्यांनी, "ऱ्हाऊ दे, पोट भरलंय," म्हणून परत केला. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. तात्यांनी तर ताकही सोडलेलं होतं, त्यांनी पाणी फुंकून प्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

मला त्याचं फार लागलं. शिरा परत आला याचं नाही, माझ्या हातावरचा विश्वास गेला याचं. हळूहळू ते आमच्यात जेवायचेही कमी झाले. आधी ताट घेऊन बाल्कनीत बसायला लागले, मग आमच्या आधी जेवून मोकळे व्हायला लागले. लग्न, बारसं, वाढदिवस, कुठेच येईनात. सोसायटीत गणपतीच्या प्रसादाच्या वेळी सगळे सतरंजीवर बसले असताना तात्या लांब प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, हातात काही नाही. गावाकडून आलेला माणूस पंगतीतून उठून गेला की त्याच्याकडे उरतं काय? मला भीती वाटायला लागली की हे असेच एकेका खुर्चीने लांब जात राहतील, आणि एक दिवस आपण हाक मारायचंही विसरून जाऊ.

आमची गार्गी तेव्हा पाचवीत होती. आता दहावीत आहे, आणि तिला हाक मारायची म्हणजे आधी कानातला इअरफोन काढायला लावावा लागतो. तेव्हा मात्र ती दिवसभर तात्यांच्या अवतीभवती असायची. कुठल्याशा व्हिडिओत बघून आली आणि त्यांच्यापुढे उभी राहिली. "तात्या, तुम्हाला माहितीये का, तुम्ही वीगन आहात."

"म्हंजी गं काय?"

"म्हणजे जे लोक दूध, तूप, अंडी, मटण असलं प्राण्यांचं काहीच खात नाहीत ते."

तात्यांनी गंभीरपणे विचार केला. "मटान सोडल्यालं न्हाई मी," ते म्हणाले. "उगं कायबी नाव लावू नगंस."

गार्गीचा जन्म कोजागिरीचा. सासूबाईंचा हट्ट होता की तिचा वाढदिवस तिथीनेच करायचा, कारण त्या दिवशी घरातल्या थोरल्या लेकराची आश्विनी असते, त्याला ओवाळायचं असतं. एका दिव्यात दोन्ही कामं. त्यामुळे आमच्या गार्गीचा केक दरवर्षी सोसायटीच्या गच्चीवर, कोजागिरीच्या मसाला दुधाशेजारी कापला जातो. आमची कोजागिरी काही उत्तररात्रीची नाही. सगळ्यांना सकाळी कामं असतात, आठला चंद्र गच्चीच्या कठड्यावर आला की पातेलं उघडायचं. त्या वर्षी गार्गीने जाहीर केलं की पहिला घास तात्यांना. आजी होती तेव्हा आजीला, आता तात्यांना. आणि तात्या हळूच म्हणाले, "मी न्हाई येत यंदा वर. जिना चढवत न्हाई." रोज सकाळी स्टेशनपर्यंत चालत जाऊन येणारा माणूस हे म्हणत होता.

त्या रात्री भांडी आवरताना मी ठरवलं की असा केक करायचा, ज्यात दुधाचा थेंब नसेल, आणि तात्या तो खातील. अजित म्हणाला, "ते खाणार नाहीत. तू सोन्याचा केला तरी." त्याचं खरं होतं, आणि म्हणूनच मला तो करायचा होता.

केक सोपा होता. पिकलेली केळी, मैदा, तेल, सोडा, वर थोडं व्हिनेगर, झाला. घोडं अडलं ते वरच्या क्रीमपाशी. फ्रॉस्टिंग म्हणतात त्याला, तात्या त्याला लेप म्हणतात आणि आता घरात सगळे लेपच म्हणतात. लोणी नाही, क्रीम नाही, मग लेप उभा राहणार कशावर? पहिल्यांदा मी नारळाच्या दुधाचा डबा आणला, फ्रीजमध्ये ठेवला, वरचा घट्ट थर काढून बीटरने फेटला. अगदी ढगासारखा फुलला. मी फोटो काढायला फोन आणेपर्यंत तो केकच्या एका बाजूने खाली सरकून ताटलीत बसला होता. ऑक्टोबर आपलं काम करत होता.

मग कुणीतरी सांगितलं की छोल्यांचं पाणी फेटतात. उकडलेल्या काबुली चण्यांचं पाणी म्हणजे आपला कट की. पुरणाच्या कटाची आमटी मी जन्मभर केली, पण त्याचा फेस होतो आणि तो पांढराशुभ्र उभा राहतो हे मला कुठे ठाऊक? साखर घालत फेटत गेले आणि भांड्यात चमकदार शिखरं उभी राहिली. गार्गी टाळ्या पिटायला लागली. मी बोट चाटून बघितलं. गोड होतं, आणि गोडाच्या मागून छोले येत होते. त्यात वेलदोडा घातला, मग वेलदोड्याच्या मागून छोले यायला लागले. शेवटी तो फेस आम्ही भाजून कुरकुरीत केला आणि शेजारच्या मुलांना वाटून टाकला. त्यांना आवडला. मुलांचं काय, साखर असली की पुरे.

तिसरा प्रयत्न काजूचा. भिजवलेले काजू वाटले, त्यात नारळाचा थर, पिठीसाखर आणि आधाराला थोडं वनस्पती तूप. हे वनस्पती तूप आणायला गेले तेव्हा मला लहानपणच्या बेकरीतले केक आठवले. त्यावर गुलाबी फुलं असायची, टाळूला चिकटणारी, आणि आम्ही ती शेवटी खायला म्हणून राखून ठेवायचो. त्या फुलांत दुधाचा अंशही नसणार, सगळं हे असलंच. म्हणजे तेव्हा आम्ही गार्गीच्या भाषेत वीगन होतो आणि कुणाला पत्ता नव्हता. या विचाराने मला उगाच धीर आला.

सगळं भांड्यात घालून बीटर लावला आणि लाईट गेली. दुरुस्तीसाठी आमच्याकडे अधूनमधून जाते. मिश्रण तर थांबणार नव्हतं, गरमीने कडेकडेला वितळायला लागलं होतं. मी फळीवरून सासूबाईंची लाकडी रवी काढली. त्या गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. दोन तळहातांत धरून फिरवायला लागले. घुर्र, घुर्र, घुर्र. पंखे बंद, टीव्ही बंद, घरात तेवढाच आवाज.

तात्या बाल्कनीतून उठून दारात आले. स्वयंपाकघरात ते कधी यायचे नाहीत, जुन्या वळणाचे. चौकटीला हात लावून उभे राहिले आणि रवीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तसं न्हवं. आन हिकडं."

मी रवी दिली. ते खाली फरशीवर बसले, भांडं दोन पायांत धरलं आणि घुसळायला लागले. पोती उचललेले हात ते, रवी दिसेनाशी झाली. मीही समोर बसले. घाम त्यांच्या कानामागून ओघळत होता आणि चेहरा मात्र सैल पडला होता.

"लहानपनी हेच काम हुतं मला," ते म्हणाले. "आई भाकरी थापायची आन् मी ताकाच्या डेऱ्यापाशी."

मी धीर करून विचारलं, "तात्या, तुम्ही दूधच का सोडलंत?"

रवी थांबली नाही. "सोडायचं तर जिवाचं सोडावं. कारलं काय, ते आपल्याला आदीच सोडून गेल्यालं आसतंय." भांडं पायांत सारखं करून ते पुन्हा बोलले, आवाज होता तसाच. "आन् तिनं दिल्याबिगर कदी पिलो न्हाई मी दूध. आता कुनाच्या हातचं प्यायचं, म्हनून ठेवून आलो."

माझे डोळे भरून आले. मी फरशीकडे बघत बसले. तेवढ्यात त्यांनी भांड्यात डोकावून पाहिलं आणि एकदम उत्साहाने म्हणाले, "ह्ये बग, कन धरायला लागलंय. लोनी याया लागलं." आणि मी हां-हां म्हणेपर्यंत शेजारच्या माठात ओंजळ बुडवून त्यांनी गार पाण्याचा हबका भांड्यात मारला.

ताकावर लोणी यायला लागलं की असंच करतात, गार पाण्याने लोणी गोळा होतं. पण हे लोणी नव्हतं. खोबऱ्याचं तेल आणि वनस्पती तूप त्या पाण्याने आखडलं, गोळ्या गोळ्या झाल्या, साखरेचं पाणी एकीकडे, काजूचा चोथा एकीकडे. दुपारभराची मेहनत भांड्यात फाटून पडली. तात्या रवी हातात धरून त्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"नासलं व्हय गं?"

"फाटलं," मी म्हणाले, आणि मला हसू आलं. आधी दाबायला गेले, मग दाबता येईना. तात्याही हसायला लागले, खांदे हलवत, आवाज न करता. सासूबाई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघत होते. गार्गी धावत आली आणि आम्हा दोघांना फरशीवर बघून तिला वाटलं काहीतरी झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी नारळांची पिशवी होती. तात्या पहाटे उठून वाशीच्या बाजारात जाऊन आले होते. "डब्यातलं काय खरं न्हाई," ते म्हणाले, "कुनी काय घातलंय त्यात, आपल्याला काय ठावं?" मी ओळखलं की कालपासून त्यांच्या डोक्यात हेच घोळत होतं. त्यांनी स्वतः नारळ फोडले. मी खवले, वाटले. पिळायच्या वेळी फडकं त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि असं पिळलं की चोथा कोरडा खडखडीत झाला. भांडं फ्रीजमध्ये ठेवताना त्यांनी विचारलं, "नारळाचं झालं तरी दूधच की गं हे?"

"जनावराचं नाही ना, तात्या."

त्यांनी क्षणभर विचार केला. "मग चालतंय. मी बोललो हुतो ते गाई-म्हशीचं."

संध्याकाळी फ्रीज उघडला तर वर जाड, पांढरा थर धरला होता. तात्यांनी बोटाने त्याची कड उचलून बघितली. "आगं, ह्येला बी साय येती," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी तिथून हलले नाही. तो थर काढायचं काम त्यांनी मला करू दिलं नाही. चमच्याने कडेकडेने सोडवत अख्खी साय एका तुकड्यात उचलली. पुढे मग सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालं. काजू त्यांनी बघितले, साखर बघितली, वनस्पती तुपाचं पाकीट गार्गीकडून वाचून घेतलं. नारळाच्याच कोमट दुधात मी केशर भिजवलं, जायफळ उगाळलं, वेलदोडा कुटला, कारण कोजागिरीला हेच वास हवेत असा माझा हट्ट होता. लाईट असूनही बीटर काढला नाही. तात्यांनी रवीने घुसळलं, आणि मधे एकदा माठाकडे बघून म्हणाले, "पानी मारू का?" आम्ही तिघंही हसलो. हा विनोद आमच्या घरात अजून चालतो. यंदाही चालेल, फक्त आता रवी गार्गी फिरवते आणि तात्या खुर्चीवरून हुकूम सोडतात. हात थरथरतात त्यांचे.

एवढं होऊनही ते केक खातील असं मी धरून चालले नव्हते. घुसळणं वेगळं आणि तोंडात घालणं वेगळं. दुसऱ्या दिवशी कोजागिरीच्या संध्याकाळी केक अगदी शेवटच्या क्षणी फ्रीजमधून काढला, बर्फाच्या ताटात ठेवला आणि अजितने तो पळत गच्चीवर नेला. तात्या आले, पण वर येताच त्यांनी खुर्ची उचलली आणि पाण्याच्या टाकीपाशी नेऊन ठेवली. सगळे सतरंज्यांवर, ते तिथे लांब. पलीकडे मोठ्या पातेल्यात दूध उकळत होतं. शालनमावशीही उलव्याहून आल्या होत्या, दरवर्षी येतात. तात्यांनी त्यांना लांबूनच मान हलवली.

गार्गीला पाटावर बसवून मी ओवाळलं. केक कापला. लेप टिकला होता, जरा कडेने चकाकत होता इतकंच. गार्गीने तुकडा उचलला आणि सगळ्यांमधून वाट काढत थेट टाकीपाशी गेली. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. बहुतेकांना वास्तुशांतीची गोष्ट माहीत होती, आणि ज्यांना नव्हती त्यांना शेजारच्याने कानात सांगितली. गार्गीने हात पुढे केला. तात्यांनी तोंड उघडलं. नातीला नाही म्हणणं त्यांना जमलं नसतंच, म्हणून तर ते जिन्याचं निमित्त सांगत होते.

घास तोंडात गेला आणि ते थांबले. चावेनात, गिळेनात. त्यांच्या कपाळावर आठी चढली आणि त्यांनी गर्दीतून मला शोधलं. मी धावतच गेले. तोंडावर हात धरून ते हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, ह्ये दुधावानी लागतंय. बासुंदीवानी." त्यांच्या डोळ्यांत तीच वास्तुशांतीची भीती होती. ते आत्ता तो घास बाहेर काढतील आणि पुन्हा कधी कुणाच्या हातचं खाणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसलं.

"तात्या, नारळ तुम्ही फोडलेत," मी म्हणाले. "साय तुम्ही काढलीत. घुसळलंत तुम्ही. माझ्यावर नका ठेवू विश्वास, स्वतःच्या हातावर ठेवा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आपल्या तळहाताकडे बघितलं, रवीने लाल झालेला होता अजून. आणि त्यांनी घास चावला. हळूहळू, सगळ्या दातांनी. गिळल्यावर डोळे मिटून बसले थोडा वेळ. मी आणि गार्गी तशाच उभ्या. पितळी तांब्या संपेपर्यंत घरात कुणी बोलत नसे, तशीच आत्ता सगळी गच्ची गप्प होती.

"आनखी हाय का?" त्यांनी विचारलं.

उरलेला लेप मी वाटग्यात ठेवला होता. मी तो घेऊन आले, आणि त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. मला वाटलं खुर्चीवर बसून खातील. पण ते उठले, चमचा घेतला आणि सतरंजीकडे निघाले. पहिल्याच माणसापुढे वाकून म्हणाले, "घ्या की. बिनदुधाचं हाय, आमच्या सूनबाईनं केलंय." तो नको म्हणाला तर त्याच्या हातावर घातलंच. मग पुढच्याला, मग त्याच्या बायकोला. ज्या आग्रहापासून हा माणूस पळून गेला होता तोच आग्रह आता तो ओळीने सगळ्यांना करत होता, आणि कुणाची सुटका नव्हती.

फिरत फिरत ते शालनमावशींपुढे आले. मावशींनी पदर सारखा केला. तात्यांनी चमचा भरला आणि पुढे धरला.

"घे शालन," ते म्हणाले. "ह्यात काय लपवल्यालं न्हाई."

मावशींनी तळहात पुढे केला. खाल्लं. खाली बघतच म्हणाल्या, "आमच्या आक्काला आवडलं असतं, दाजी."

"व्हय," तात्या म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकत तिथेच, त्यांच्या शेजारी, सतरंजीवर बसले. कुणीतरी सरकून जागा करून दिली. मी टाकीकडे बघितलं. तात्यांची खुर्ची तिथे तशीच होती, आणि गार्गीने रिकामं झालेलं वाटगं नेऊन तिच्यावर ठेवलं होतं.